रोज सकाळी चौतीस दाब

गाडी: टाटा इंडिका, डिझेल, २००३ ची, एमएच-०४. इंजिन १४०५ सीसी, टर्बो नाही, कॉमन रेल (सगळ्या नोझलना मिळून अतिप्रेशरची एकच नळी) नाही, नोझलना डिझेल पोचवणारा साधा रोटरी पंप. बाबांनी घेतलेली.
तक्रार: रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट होत नाही.
उभी राहण्याची जागा: सावरकरनगर, ठाणे. सोसायटीचा उतार, तोंड चढाकडे.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आजपासून लिहून ठेवतो. डोक्यात ठेवलेले आकडे आपल्याला सोयीचे होत जातात.

झालं ते असं. दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंग केलं. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर. मग आठ दिवस गाडी उभी, आम्ही कुडाळला सासरी, तेही रेल्वेने. परत आल्यावर पहिल्या सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. गॅरेजवाला म्हणाला, थंडी पडली, हीटर प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून लाल होणारे) गेले असणार. चारही बदलले. फरक शून्य. मग म्हणाला बॅटरी जुनी आहे. तीही बदलली. सेल्फ आता दणकून फिरतो, पण इंजिन ढिम्म. परवा म्हणाला, ‘पंप खोलावा लागेल, अठरा हजार धरून चला.’ तिथे मी थांबलो.

माझा धंदा एसी दुरुस्तीचा. आमच्याकडे गॅस कमी झाला की आधी लीक शोधायचं आणि मग गॅस भरायचा. जो आधी गॅस भरतो तो चार महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या शिव्या खातो. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी बरोबर तेच करून बसलो होतो. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमचा मंदीचा काळ, वेळ आहे, हत्यारं आहेत.

आजचं रीडिंग. रात्री साडेनऊपासून सकाळी साडेसातपर्यंत उभी. टाकी पाव. हीटरचा दिवा विझल्यावर सेल्फ आठ सेकंद, काही नाही. मिनिटभर थांबून पुन्हा आठ सेकंद, काही नाही. मग बॉनेट उघडून फिल्टरच्या हेडवरचा हँड प्रायमर, म्हणजे लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप, दाबायला घेतला. सुरुवातीला रिकाम्या पिचकारीसारखा, हाताला काही लागतच नाही. विसाच्या आसपास जड व्हायला लागला. चौतिसाव्या दाबाला दगड. चावी फिरवली, अर्ध्या फेरीत सुरू.

हा चौतीस माझा मीटर. प्रायमर घट्ट व्हायला जितके दाब, तितकी लाइनमध्ये हवा. रोज मोजायचा.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रायमर: ३३.

आज सेल्फ मारायला मुलाला बसवलं आणि मी मागे सायलेन्सरपाशी उकिडवा बसलो. धूर नाही. अजिबात नाही. हे आधी कुणी बघितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

हीटर प्लग गेलेले असतात तेव्हा डिझेल सिलिंडरमध्ये पोचतं, फक्त पेटत नाही. ते न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन येतं, डोळे चुरचुरतात. धूरच नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेलच गेलेलं नाही. जाळायला काही नसेल तर हीटर लाल होऊन काय करणार? पाच मिनिटं मागे बसलो असतो तर चार प्लगचे पैसे वाचले असते.

दुसरी एक शक्यता काढून टाकली. पंपावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा व्हॉल्व्ह, असतो, चावी ऑन केली की तो उघडतो. टेस्ट लॅम्प लावला, बारा व्होल्ट येतात. वायर काढून परत टेकवली की ‘टक्’ असा आवाज. ठीक आहे. शिवाय तो खराब असता तर प्रायमर मारून गाडी सुरू झाली नसती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रायमर: ३४.

वर्तकनगर नाक्यावरच्या हार्डवेअरमधून लेव्हल पाइप आणला. गवंडी पाणी भरून भिंतीची पातळी बघतात तो काचेसारखा पारदर्शक पाइप. आठ मिमीचा, दहा फूट घेतला. दुकानदाराने विचारलं, ‘कुठे टाइल्सचं काम?’ म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

फिल्टरमधून पंपाकडे जाणारा रबरी पाइप काढून त्या जागी फूटभर लेव्हल पाइप बसवला, दोन्ही टोकांना क्लिप. प्रायमर मारून लाइन भरली, गाडी सुरू केली.

पहिली दहा सेकंद सोडा वॉटर. मग मोठे बुडबुडे संपले आणि मागे राहिली एक बारीक माळ, साधारण सेकंदाला एक, साबुदाण्यापेक्षा लहान. गाडी चालू राहते, कारण एवढी हवा पंप पचवतो, रिटर्नच्या पाइपातून टाकीत परत ढकलतो. पण हवा येते हे डोळ्यांनी दिसलं. गेल्या महिन्याभरातली ही पहिली खात्रीची गोष्ट.

मग इंजिन बंद करून तिथेच उभा राहिलो. चार मिनिटांनी पाइपच्या वरच्या कडेला एक लांबट बुडबुडा साचला. वीस मिनिटांनी तो बोटभर लांब. डिझेल मागे टाकीकडे सरकत होतं, घाई नव्हती त्याला, अख्खी रात्र होती.

हा पाइप कायमचा नाही. हा पीव्हीसी डिझेलमध्ये आणि इंजिनच्या उष्णतेत कडक होतो. तपासणीपुरता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रायमर: ३४.

रात्री तिसऱ्या मजल्यावरचे काका खाली भेटले. एसटीच्या खोपट डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बॉनेट उघडं दिसलं की त्यांचे पाय आपोआप वळतात. मी सगळे जॉइंट टॉर्च मारून दाखवले, ‘बघा काका, कुठेच ओलं नाही, सगळं कोरडं.’

‘अरे, कोरडं आहे तिथेच बघायचं. पंपाच्या पुढे प्रेशर, तिथे फुटलं तर डिझेल बाहेर येतं. टाकीपासून पंपापर्यंत पंप ओढत असतो. तिथे फट असली तर डिझेल बाहेर कशाला येईल? हवा आत जाईल.’

हे मला कळायला हवं होतं. एसीत सगळीकडे प्रेशर आत असतं, लीक असलं की गॅस बाहेर आणि जॉइंटवर तेलाचा डाग. आयुष्यभर डाग शोधायची सवय. इथे वेगळा फीड पंप नाही, रोटरी पंपाच्या पोटातला छोटा व्हेन पंपच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे मागची सगळी लाइन ही प्यायला लावलेली स्ट्रॉ. गाडी बंद झाली तरी ती स्ट्रॉ भरलेली राहते, कारण वरून हवा शिरत नाही. शिरली की खाली उतरते.

घरी येऊन हिशेब केला. टाकीतल्या डिझेलपेक्षा पंप अर्धा मीटर वर धरला तर ओढ होते वातावरणाच्या दाबाच्या चार टक्के. एवढीशीच. पण हवा डिझेलपेक्षा शंभरपटीहून जास्त पातळ असते. ज्या भोकातून डिझेल रात्रभरात थेंबभर येणार नाही, त्यातून हवा आरामात ये-जा करते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रायमर: ९.

काही दुरुस्त केलेलं नाही. काल रात्री गाडी उलटी लावली, तोंड उताराकडे. इंजिन खाली, टाकी वर. वॉचमनने दोनदा विचारलं, सकाळी रिव्हर्स कसे काढणार. सकाळी नऊ दाबांत घट्ट.

शंका उरली नाही, हवाच. दोन आठवडे उलटी लावून काम भागेल असाही विचार मनात आला. लिहून ठेवतो, कारण खरंच आला होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रायमर (तोंड चढाकडे): ३४.

सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं, म्हणून आधी सर्व्हिसिंगमध्ये हात लागला तिथे. फिल्टर खोलला. हेडच्या खोबणीत रबराची सील, आणि तिच्याखाली अजून एक सील. जुनी सील हेडला चिकटून राहिलेली, काळी, चपटी, खोबणीचाच भाग वाटावी अशी. नव्या फिल्टरची सील तिच्यावर बसवून आवळलेली. एका ठिकाणी दोघी एकमेकींवरून घसरून बाहेर डोकावत होत्या.

नखाने जुनी उचलली. निघताना तिचे तीन तुकडे झाले. खोबण कपड्याने पुसली, नव्या सीलला डिझेलचं बोट लावलं, हाताने आवळला. तळाच्या पाणी काढायच्या स्क्रूचा वॉशरही बदलला.

फार बरं वाटलं. गाडी घेऊन उपवनपर्यंत गेलो, येऊरच्या चढावर फाटकापर्यंत दामटली, एकदाही अडखळली नाही. येताना टाकी फुल केली. आईसाठी फुलं घेतली, मार्गशीर्ष सुरू झालाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रायमर: ११. तोंड चढाकडे.

चौतिसावरून अकरा. सील हाच आजार होता, उरलेली हवा दोन दिवसांत निघून जाईल असं धरतो.

३० नोव्हेंबर, रविवार

२५ ला ११, २६ ला १२, २७ ला १६, २८ ला १९, काल २३, आज २७.

आठवडाभर नोंद लिहायचं टाळलं. फक्त आकडे कॅलेंडरवर टिपत होतो आणि त्यांच्याकडे बघत नव्हतो. आज बघितलं.

डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याला फोन केला. त्याचं म्हणणं, पंपाच्या वरच्या कव्हरमधून अ‍ॅक्सिलरेटरचा शाफ्ट जातो, त्याची ओ-रिंग (रबरी गोल सील) गेली असेल, जुन्या पंपांना हे होतंच. खोटं नाही. त्यामागे कारणही आहे. ही गाडी आली तेव्हा मुंबईच्या डिझेलमध्ये गंधक ५०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५००) चालायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चं डिझेल, त्यात १०. गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि जुन्या नायट्राइल रबराच्या सील त्याच घटकांवर फुगून घट्ट बसलेल्या असतात. ते कमी झाले की रबर आकसतं. म्हणून आता पंप खोलला की व्हायटॉन नावाच्या दुसऱ्या रबराच्या सील टाकतात. पण ‘होतंच’ वर अठरा हजार द्यायचे नाहीत असं ठरवून मी वही उघडली आहे.

संध्याकाळी काकांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला आणि एकच विचारलं.

‘टाकीत किती होतं?’

बोलती बंद. सील बदलली त्याच दिवशी टाकी फुल केली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय सीलला दिलं. तेव्हापासून कल्याण, डोंबिवली, घणसोली अशी कामं झाली, काटा आज पावाच्या थोडा वर. टाकी रिकामी होत गेली तसे दाब वाढत गेले. हाताखालच्या पोराने एकाच वेळी कपॅसिटर आणि गॅस दोन्ही बदलले तर मी त्याला झापतो.

सीलमुळे फरक पडलाच नाही असं नाही, पाव टाकीला तेव्हा ३४ आणि आता २७. पण मोठं भोक दुसरीकडे आहे, आणि त्याचा टाकीच्या पातळीशी संबंध आहे.

६ डिसेंबर, शनिवार

कॅनची परीक्षा. कुठेही भोक असू शकतं असं वाटलं की लाइनचे दोन तुकडे करायचे आणि कुठला अर्धा निर्दोष आहे ते बघायचं.

पाच लिटरचा कॅन स्वच्छ करून त्यात डिझेल. तो बॉनेटखाली पंपाच्या वर, सायलेन्सरच्या गरम भागापासून लांब, पट्ट्याने बांधला. टाकीकडून येणारा पाइप सोडून फिल्टरचं तोंड कॅनला जोडलं. रिटर्नही कॅनमध्येच, नाहीतर कॅन रिकामा आणि टाकी फुल. गाडी सोसायटीच्या बाहेर न्यायची नाही, फक्त सुरू करायची, दहा मिनिटं चालवायची, बंद करायची.

बँजो बोल्ट (पोकळ, आतून डिझेल जाणारे) काढताना काका ओरडले, ‘वेगवेगळे ठेव!’ रोटरी पंपाला दोन बँजो, एक डिझेल आत येण्याचा, एक रिटर्नचा. दिसायला जुळे भाऊ. पण रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर ‘आउट’ कोरलेलं असतं आणि त्याच्या पोटातलं छिद्र अर्ध्या मिमीच्या आसपास. त्या बारीक छिद्रामुळेच पंपाच्या आतलं प्रेशर टिकतं. अदलाबदल झाली तर डिझेल आत यायची वाटच चिंचोळी होते आणि आतलं प्रेशरही बसत नाही. मग खरंच पंप खोलायची वेळ. एक बोल्ट उजव्या खिशात, एक डाव्या.

तांब्याचे वॉशर बदलायला नव्हते, जुनेच ब्रेझिंगच्या गॅस टॉर्चवर लाल करून थंड केले. तांबं पुन्हा मऊ होतं आणि बसतं. हे मात्र आमच्या धंद्यातलं.

७ डिसेंबर, रविवार

सेल्फ मारला, प्रायमरला हात न लावता. अर्धी फेरी. सुरू.

८ डिसेंबर, सोमवार

पुन्हा अर्धी फेरी. कॅन वर असल्यामुळे पंपाकडे डिझेल उतरतं, ओढावं लागत नाही, त्यामुळे फिल्टरपासून पुढची अगदी बारीक फट यात लपू शकते. म्हणून आज रात्री कॅन खाली जमिनीवर ठेवला, टाकीच्या उंचीला.

९ डिसेंबर, मंगळवार

प्रायमर न मारता, एका फेरीत सुरू. फिल्टर, पंप, पंपाची ओ-रिंग, सगळे निर्दोष सुटले. पंपवाल्याला तसा मेसेज टाकला. त्याने अंगठा पाठवला.

राहिली टाकी ते फिल्टर. साधारण तीन मीटर पाइप, बराचसा लोखंडी, गाडीच्या पोटाखालून.

१४ डिसेंबर, रविवार

पूर्ण दिवस गाडीखाली. टायरवाल्याकडून स्टँड आणले. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरणारे दोघं जण मला माहीत आहेत, त्यातला एक आता लंगडतो.

फिल्टरकडचं टोक सोडलं, टाकीकडचा रबरी पाइप सोडला, लाइनमधलं डिझेल कॅनमध्ये काढलं. टाकीकडचं टोक बुच मारून बंद. पुढच्या टोकाला माझं एसीचं प्रेशर मोजायचं गेज मॅनिफोल्ड, कमी प्रेशरची निळी बाजू, आणि त्यातून सायकलचा पंप. हवा ओढणारी फट साबणाच्या पाण्यात दिसत नाही, फेस आत जातो आणि आपल्याला कोरडाच जॉइंट दिसतो. म्हणून उलटं करायचं, आतून फुंकायचं. फक्त पाच पीएसआय. शेजारी नायट्रोजनचा सिलिंडर उभा होता, हात शिवशिवला. आम्ही एसीची लाइन तीनशेला तपासतो. पण हे रबर ओढ सोसायला बनवलेलं, तीनशेला ते जागेवर राहणार नाही. टाकी जोडलेली असताना तर पाचच्या वर जायचा विचारही नको, टाकीचं पोट फुगतं.

काटा पाचवर आणून व्हॉल्व्ह बंद. दहा मिनिटांत साडेतीन.

साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जॉइंटना. रबर आणि लोखंड जुळतात तिथे, चारही ठिकाणी. काही नाही. वाकलेल्या जागा, काही नाही. पुन्हा पंप मारला, पुन्हा साडेतीन. एवढ्यात खाली फरशीवर पडल्या पडल्या पाठीत उसण भरली. मुलगा म्हणाला, ‘बाबा, चहा आणू?’ म्हटलं, आण आणि टॉर्च इकडे धर.

टॉर्च तिरका पडल्यामुळे दिसलं. मागच्या उजव्या चाकाच्या थोडं पुढे पाइप गाडीच्या पोटाला एका क्लिपने धरलेला आहे, क्लिपच्या आत रबराची पट्टी. त्या क्लिपभोवती धूळ वेगळी होती. बाकी सगळीकडे भुरी, तिथे काळी आणि चिकट, तळहाताएवढा डाग. बोट लावून वास घेतला. डिझेल.

क्लिप उचकटली. रबराची पट्टी पाइपला चिकटलेली, ओढली तशी गंजाची खपली घेऊनच आली. बावीस पावसाळ्यांचं पाणी त्या पट्टीखाली जाऊन बसलं होतं. वरून पाइप रंगासकट चांगला, क्लिपखाली बोटाच्या पेराएवढा भाग खडबडीत, तपकिरी. साबणाचं पाणी लावलं. आधी काही नाही. मग मोहरीएवढा एक फुगा आला, वाटाण्याएवढा झाला, फुटला. पुन्हा मोहरी.

मी आणि मुलगा बराच वेळ ते बघत होतो. चहा गार झाला.

आता टाकीच्या पातळीचं कोडंही सुटलं. भोकाची उंची टाकीच्या अध्येमध्ये कुठेतरी येते. टाकी फुल असते तेव्हा डिझेलची पातळी भोकापेक्षा वर, म्हणून तिथून जरासं बाहेर झिरपतं आणि धूळ ते पिऊन टाकते. म्हणून डाग. टाकी पावावर आली की पातळी भोकाच्या खाली, मग ओढ उलटी, हवा आत. गाडी तोंड चढाकडे करून लावली की टाकी आणखी खाली जाते, ओढ आणखी वाढते. चौतीस.

१६ डिसेंबर, मंगळवार

दुकानात ५/१६ इंचाचा तांब्याचा पाइप पडलेला आहे, हवा तेवढा. घ्यायचा, ब्रेझिंग करायचं, तासात काम संपलं. पण नाही. तांब्याच्या सहवासात डिझेल लवकर खराब होतं, चिकट गाळ धरतं, तो फिल्टरमध्ये जातो. शिवाय गाडीच्या हादऱ्यांनी तांबं कडक होऊन चिरतं. त्याऐवजी बंडी पाइप, लोखंडी. फ्रिजच्या कामात आम्हीही वापरतो आणि गाड्यांचे ब्रेक पाइपही त्याचेच असतात. वागळे इस्टेटला सोळा नंबर रोडवर मिळाला, त्याच मापाचा. सोबत डिझेलचा रबरी पाइप दीड मीटर आणि इंजेक्शन क्लिप सहा. सगळं मिळून एका हीटर प्लगच्या पैशांत बसलं.

क्लिपबद्दल. नेहमीच्या भोकाभोकाच्या होज क्लिप एवढ्या लहान मापाला गोल राहत नाहीत. आवळल्या की स्क्रूपाशी लंबगोल होतात आणि तिथे नेमकी फट पडते, वर ती भोकं रबरात रुततात. इंजेक्शन क्लिप सपाट पट्टीची, चहूबाजूंनी सारखी दाबते. ओढीच्या बाजूला याचा फरक पडतो.

२१ डिसेंबर, रविवार

गंजलेला भाग दोन्ही बाजूंना चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, एकूण आठ इंच निघाला. नव्या बंडीच्या तुकड्याला आणि जुन्या पाइपच्या टोकांना फ्लेअरिंग टूलने किंचित फुगवटा दिला, रबर घसरू नये म्हणून. पूर्ण फ्लेअर नाही. आत काणस गेलेली म्हणून लाइनमधून हवा मारून कीस बाहेर काढला, नाहीतर तो थेट फिल्टरमध्ये. जोडणी रबराने, प्रत्येक बाजूला इंचभर आत, दोन क्लिप. गाडीच्या पोटाला धरताना जुन्या क्लिपऐवजी पाइपवर रबरी नळी चढवून टाय लावला, पाणी साचणार नाही असा.

पाच पीएसआय. दहा मिनिटं, पाच. जेवून आलो, पाच.

हाताबरोबर नोझलवरचे रिटर्नचे बारीक पाइपही बदलले. चौथ्या नोझलच्या टोकाची टोपी बोटाने दाबताच तडकली, पुढचं लीक तेच असतं.

लाइन भरायला प्रायमर ऐंशीच्या वर मारला, मोजायचं सोडून दिलं. तरी सुरू होईना. मग नोझलकडचे नट १७ च्या पान्याने अर्धा आटा सैल करून सेल्फ, एकेक करून. पहिल्यातून फसफस, मग थेंब, मग पिचकारी, आवळ. वर कपडा टाकलेला आणि हात लांब. शंभर बारच्या वरच्या प्रेशरने निघालेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत जाते. टोचलंही कळत नाही आणि बोट जायची वेळ येते. आणि हे फक्त असल्या जुन्या पंपाला. कॉमन रेलच्या गाडीला नोझलचा नट सेल्फ मारताना सैल करायचा नाही, म्हणजे नाहीच.

तिसरा नट आवळला आणि दोन सिलिंडरवर फटफट करत सुरू झाली. मग तिसरा लागला, मग चौथा. आई गॅलरीत आली होती. तिला इंजिनमधलं काही कळत नाही, पण वरून म्हणाली, ‘हा, हा तुझ्या बाबांच्या वेळचा आवाज.’

२२ डिसेंबर, सोमवार

प्रायमर: ३. तोंड चढाकडे. टाकी अर्धी.

टाकी मुद्दाम भरत नाही. या वेळी फसायचं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

प्रायमर: २. टाकी पाव. दोन दाब म्हणजे प्रायमरची स्वतःची ढिलाई, काल दुपारी गरम इंजिनवर मारून बघितला तेव्हाही दोनच होते.

लेव्हल पाइप अजून लावलेला आहे. गाडी सुरू असताना पाच मिनिटं बघितलं. सुरुवातीला एक बुडबुडा गेला, एकच. मग नुसतं पिवळसर डिझेल, हलतंय की थांबलंय तेही कळत नाही इतकं स्वच्छ. काका म्हणाले, ‘आता झाकण लाव, बघण्यासारखं काही राहिलं नाही.’ आणि स्वतः अजून दोन मिनिटं बघत राहिले.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

मुद्दाम चार दिवस हलवली नाही. टाकी पावाच्या खाली, दिवा लागायच्या बेतात. तोंड चढाकडे.

प्रायमर मारला नाही. हीटरचा दिवा विझला, चावी फिरवली, एका फेरीत सुरू. नंतर मोजला, २.

लेव्हल पाइपचा तुकडा काढून रबरी पाइप बसवला. सहा आठवड्यांत तो पिवळा पडून लाकडासारखा झाला होता, वाकवला तर कट्कन तुटला. उरलेला नऊ फूट बी विंगमध्ये टाइल्सचं काम करणाऱ्या गवंड्याने मागितला. देऊन टाकला.